दाहिल सा इयो (फिलिपिनो प्रेमगीत)

दाहिल सा इयो : फिलिपीन्समधलं तगालोग भाषेतलं प्रेमगीत. संगीत माइक वेलार्दे (ज्युनियर) यांचं, काळ साधारण 1937-38, मूळ पडद्यावर गायलं ते रोखेलियो दे ला रोसा या नटाने. सिनेमासाठी झालेलं हे गाणं पुढे रेडिओ, रेकॉर्डी, निवडणुकीच्या सभा आणि परदेशी गायकांचे कार्यक्रम असा प्रवास करत राहिलं, आणि आज फिलिपिनो माणसाला ‘जुनं प्रेमाचं गाणं सांग’ म्हटलं तर पहिल्या चार-पाच नावांत हे असतंच.

नावाचा अर्थ सरळ ‘तुझ्यामुळे’. ‘दाहिल’ म्हणजे कारण, ‘इयो’ हे दुसऱ्या पुरुषाचं एकवचनी रूप, आणि मधला ‘सा’ दोघांना जोडतो, म्हणजे मराठीत जे काम ‘मुळे’ हा प्रत्यय करतो तेच. आदरार्थी म्हणायचं तर तगालोगमध्ये ‘इनयो’ येतं, त्यामुळे इथे ‘तुमच्यामुळे’ नाही, ‘तुझ्यामुळे’च, हे भाषांतर करताना लक्षात ठेवायला हवं. बोलताना ‘सा इयो’चं ‘सायो’ होतं आणि बऱ्याच रेकॉर्डींवर नाव तसंच छापलेलं दिसतं.

या गाण्याला सर्रास ‘कुंदिमान’ म्हणतात, आणि खरा वाद तिथेच आहे. कुंदिमान हा तगालोग प्रेमगीतांचा जुना प्रकार, तीन मात्रांच्या संथ लयीतला, म्हणजे आपल्याकडच्या कानाला साधारण दादऱ्याच्या जवळचा वाटेल असा. शब्दाची व्युत्पत्ती बहुतेक ठिकाणी ‘कुंग हिंदी मान’ म्हणजे ‘जर तसं नसेल तर’ या शब्दांवरून देतात, प्रेमिकाच्या आर्जवाला ते शोभतंही, पण अशी जोड-फोड करून काढलेली व्युत्पत्ती नंतर सुचलेली असण्याचीही शक्यता असते. दुसरीकडे याच नावाचं लाल कापड होतं आणि त्यावरून गाण्याला नाव पडलं असंही सांगतात. दोन्हींत पहिलं मत जास्त चालतं, पक्का निकाल मात्र कुठल्याच बाजूने नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्सिस्को सान्तियागो (1889–1947) आणि निकानोर आबेलार्दो (1893–1934) या दोन संगीतकारांनी लोकगीताच्या या प्रकाराला पियानोच्या साथीची, नीट लिहिलेली, मैफलीत गाता येईल अशी बांधणी दिली. सान्तियागोंचं ‘आनाक-दालिता’ (1917) हे त्यातलं नमुन्याचं समजलं जातं. खिडकीखाली रात्री गिटार घेऊन गायची ‘हाराना’ ही वेगळी गोष्ट, दोन्ही प्रेमाचीच असली तरी लय वेगळी, ती एकत्र करून टाकू नयेत.

कुंदिमानची खरी ओळख मात्र सुरांत आहे. गाणं मायनर स्केलमध्ये सुरू होतं आणि अर्ध्यावर मेजरमध्ये जातं. पेटीवर करून बघायला हे अगदी सोपं आहे : सा तोच ठेवायचा, पहिल्या भागात कोमल गंधार आणि कोमल धैवत लावायचे, आणि दुसऱ्या भागात शिरताना दोन्ही शुद्ध करायचे. एवढाच बदल, बोट शेजारच्या पट्टीवर सरकतं, पण ऐकणाऱ्याला खोलीतली खिडकी उघडल्यासारखं वाटतं. ‘दाहिल सा इयो’त नेमकं हेच आहे. सुरुवातीच्या कडव्यात नायक आपल्या आयुष्यातल्या दुःखाबद्दल, प्रेमात सोसलेल्या हालांबद्दल बोलतो आणि तूच मला त्यातून वर काढलंस म्हणतो, तिथपर्यंत सूर झाकोळलेले, मग जिथे ‘तुझ्यामुळे’ हा शब्द येतो तिथे मेजर उघडतो आणि जगायची इच्छा, मरेपर्यंतची निष्ठा, तू मला गुलाम केलंस तरी चालेल, हे सगळं त्या उजेडात म्हटलं जातं. म्हणून बांधणीने ते कुंदिमानच्या घराण्यातलं आहे यात शंका नाही. पण चाल, साथ आणि वाद्यवृंद बघितला तर ते सिनेमा-रेडिओच्या जमान्यातलं बॅलड (संथ भावगीत) आहे, आणि नंतरच्या बऱ्याच आवृत्त्यांत तीन मात्रांची लयही उरलेली नाही. त्यामुळे ‘कुंदिमान वळणाचं चित्रपटगीत’ असं म्हणणं जास्त बरोबर, आणि इथे तेच धरलं आहे.

काळाबद्दल थोडा घोळ आहे. गाण्याचं साल बहुतेक ठिकाणी 1938 देतात, पण ते ज्या सिनेमासाठी लिहिलं तो ‘बितुइंग मारिकित’ (सुंदर तारा) हा सांपागिता पिक्चर्स या चित्रपटसंस्थेचा पहिला सिनेमा, आणि त्याचं साल 1937 दिलं जातं. गाणं सिनेमात होतं तर सिनेमाच्या नंतर कसं लिहिलं गेलं, हा प्रश्न राहतोच. 1938 हे रेकॉर्ड किंवा छापील प्रतीचं साल असू शकतं, म्हणून 1937-38 असं धरणं सुरक्षित. सिनेमाच बघून ठरवावं तर तीही सोय नाही, दुसऱ्या महायुद्धाच्या आधीचे फिलिपिनो बोलपट हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच उरलेत आणि त्यांत हा नाही. आणखी एक गोंधळ म्हणजे आबेलार्दोंचं याच नावाचं एक कुंदिमान आधीपासून प्रसिद्ध होतं, त्यामुळे ‘बितुइंग मारिकित’ असं कुठे वाचलं तर गाणं की सिनेमा हे आधी बघावं.

वेलार्दे (जन्म 1913) हे पारंपरिक घडणीचे संगीतकार नव्हते, त्यांचा स्वतःचा ‘जॅझटोक्रॅट्स’ नावाचा बँड होता, ‘उगोय-उगोय ब्लूज’सारखी गाणी त्यांनी केली, म्हणजे अमेरिकन जॅझ ज्या मनिलात रोज वाजत होता त्या मनिलातला हा माणूस. त्याने जुन्या कुंदिमानचं मायनर-मेजर घेतलं आणि सिनेमाच्या गाण्यात बसवलं, हे फार मोठं काम होतं आणि त्याचं पुरेसं कौतुक झालेलं नाही. दे ला रोसा मूळचे पाम्पांगा प्रांतातल्या लुबाव गावचे. सिनेमात अतोनात लोकप्रिय झाले, 1957 मध्ये सिनेटवर निवडून आले, 1961 ला राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहिले आणि शेवटी आपल्याच गावच्या दिओस्दादो माकापागाल या दुसऱ्या उमेदवारासाठी त्यांनी माघार घेतली.

तगालोग शब्द कोणाचे यावर सगळ्यांचं एकमत नाही. काही ठिकाणी शब्द-संगीत दोन्ही वेलार्देंच्या नावावर आहे, पण तगालोग शब्दांसाठी दोमिनादोर सान्तियागो आणि इंग्रजीसाठी टॉम स्पिनोसा अशी विभागणी जास्त तपशिलाची असल्यामुळे तीच मानावी. इंग्रजी-तगालोग मिसळून केलेली 1964 ची आवृत्ती अमेरिकेतल्या फिलिपिनो वस्त्यांमध्ये खूप चालली, तिकडे वाढलेल्या पुढच्या पिढीपर्यंत हे गाणं पोचलं त्यात तिचा मोठा वाटा आहे.

बाकी आवृत्त्यांत सगळ्यात जास्त नाव निघतं ते नॅट किंग कोल या अमेरिकन गायकाचं. साठच्या दशकाच्या सुरुवातीला त्याने हे गाणं तगालोगमध्ये रेकॉर्ड केलं, भाषा येत नसताना उच्चार पाठ करून, आणि उच्चार ऐकताना परके वाटले तरी शब्द ज्या मऊपणाने सोडलेत त्याने फिलिपिनो श्रोते भारावून गेले. देशातल्या गायकांपैकी रिक मान्रिके (ज्युनियर) यांच्या आवाजातलं गाणं जुन्या कुंदिमानच्या जवळ राहतं, तर पिलिता कोरालेस यांचं नाइटक्लबच्या वाद्यवृंदाचं, भरदार.

आणि मग इमेल्दा मार्कोस. 1965 च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत नवऱ्याच्या, फर्दिनांद मार्कोस यांच्या प्रचारसभांत त्या गायच्या आणि ‘दाहिल सा इयो’ हे जणू त्यांचं ठरलेलं गाणं झालं, ‘तुझ्यामुळे’तला ‘तू’ कधी नवरा तर कधी समोरची जनता. पुढे मार्कोस राष्ट्राध्यक्ष झाल्यावर सरकारी मेजवान्यांतही ते होत राहिलं. 1972 ला मार्कोस यांनी मार्शल लॉ (लष्करी कायदा) लावला, 1986 च्या फेब्रुवारीत मार्कोस कुटुंब देश सोडून हवाईला गेलं. त्या काळात ज्यांनी माणसं गमावली त्यांच्यातल्या अनेकांना हे गाणं आजही सहज ऐकता येत नाही, आणि तरी त्याच घरातल्या आजीचं ते लग्नातलं गाणं असू शकतं. गाण्याने स्वतः काही केलेलं नाही, ते फक्त फार लोकांच्या तोंडी होतं.

कव्हर (दुसऱ्या गायकांनी गायलेल्या आवृत्त्या) शोधताना दोन सारख्या नावांपासून जपावं. ‘बिकॉज ऑफ यू’ हे 1951 मध्ये टोनी बेनेटने गाजवलेलं अमेरिकन गाणं पूर्णपणे वेगळं आहे, अर्थ तोच असला तरी. तसंच इन्यिगो पास्कुआलचं 2016 चं ‘दाहिल सायो’ हे नाचायचं पॉप गाणं, त्याचा वेलार्देंच्या चालीशी काही संबंध नाही. खात्री करायची तर सुरुवातीचं कडवं ऐकावं, तिथे कोमल गंधार लागला आणि नावाच्या शब्दावर तो शुद्ध झाला की हेच गाणं.