घरच्या घरी वाइन टेस्टिंग

घरच्या घरी वाइन टेस्टिंग म्हणजे स्वस्तातल्या दोन-तीन बाटल्या एकाच बैठकीत उघडायच्या, थोडी थोडी ओतून शेजारी शेजारी चाखायची आणि आपल्या रोजच्या जेवणातल्या कुठल्या पदार्थाबरोबर कुठली जमते ते बघायचं. याला ना तळघर लागतं ना कुणी एक्सपर्ट. एकटी बाटली कितीही महागाची आणली तरी तिच्यातून फार काही कळत नाही कारण तुलनेला समोर काहीच नसतं, उलट दोन साध्या बाटल्या एकत्र चाखल्या की आंबटपणा कशाला म्हणतात, तुरटपणा कशाला म्हणतात ते पहिल्याच घोटात लक्षात येतं.

महाराष्ट्रात हे परवडायला लागलं ते नाशिकमुळे. त्याआधी १९८० च्या दशकात शामराव चौगुले यांनी नारायणगावला शातो इंडाज ही वाइन बनवणारी कंपनी उभी केली होती आणि त्यांची ओमर खय्याम ही स्पार्कलिंग (बुडबुड्यांची) वाइन परदेशातही जायची, पण मध्यमवर्गीय घरात वाइन फारशी पोचली नव्हती. २००० साली राजीव सामंत यांच्या सुलाची पहिली वाइन बाजारात आली, २००१ मध्ये राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रियेसाठी धोरण आणलं, विंचूर आणि पलूसला वाइन पार्क झाले, आणि मग गंगापूर धरणाच्या आजूबाजूला, दिंडोरीत, निफाडकडे, इगतपुरीच्या बाजूला एकामागून एक वायनरी (वाइन बनवणारे कारखाने) आल्या, खाली अकलूजजवळ फ्रातेली आली. शेतकऱ्यांनी खायच्या थॉमसन सीडलेस द्राक्षांच्या जोडीला व्हाइट वाइनची शेनिन ब्लाँ, सोव्हिन्यों ब्लाँ आणि रेडची शिराझ, कॅबर्ने सोव्हिन्यों, झिनफँडेल लावायला सुरुवात केली. ही वाइनची द्राक्षं खायला तशी मजेची नाहीत, मणी बारीक, साल जाड, बिया भरपूर, पण वाइनला लागणारा रंग आणि तुरटपणा सालीतून आणि बियांतूनच येतो.

स्वस्त म्हणजे कुठली

साधारण हजार रुपयांच्या आतबाहेरची ७५० मिलीची बाटली इथे धरली आहे, राज्याराज्याप्रमाणे किंमत बदलते आणि गोव्यात बऱ्याचदा कमी पडते. या रेंजमध्ये इंपोर्टेड घेण्यापेक्षा देशी घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे. कारण सरळ आहे, बाहेरून येणाऱ्या वाइनवर वर्षानुवर्षं १५० टक्के कस्टम ड्युटी होती (ऑस्ट्रेलियाबरोबर डिसेंबर २०२२ पासून लागू झालेल्या करारात ती कमी झाली, पण तीही ठरावीक किमतीच्या वरच्या बाटल्यांसाठीच), त्यावर राज्याचे कर, वाहतूक, दुकानदाराचा वाटा, म्हणजे इथे जी बाराशेला मिळते ती तिच्या गावी अगदीच किरकोळ किमतीची वाइन असते. तेवढेच पैसे नाशिकच्या बाटलीला दिले तर त्यातला जास्त भाग खरंच आतल्या मालाला जातो.

दुकानात बघायची पहिली गोष्ट म्हणजे लेबलवरचं वर्ष, म्हणजे द्राक्षं तोडल्याचं वर्ष. आपल्याकडे द्राक्षवेलीची वर्षातून दोनदा छाटणी होते, एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि पावसाळा सरताना गोडी छाटणी, आणि वाइनची द्राक्षं जानेवारी ते मार्चमध्ये तोडतात. त्यामुळे त्या वर्षाची व्हाइट वाइन बहुतेक त्याच वर्षी दुकानात येते. स्वस्त व्हाइट आणि रोझे (गुलाबी वाइन) ताज्याच चांगल्या लागतात, वर्ष-दोन वर्षांच्या आतली घ्यावी, जुनी म्हणजे भारी हा समज या किमतीच्या वाइनला लागू होत नाही. दुसरं म्हणजे बाटली कुठे ठेवलेली आहे ते बघायचं. रस्त्याच्या कडेच्या वाइन शॉपमध्ये शोकेसमध्ये उन्हात उभी केलेली बाटली नको, आतली मागायची, दुकानदार देतात. उन्हात तापलेल्या वाइनचं बूच थोडं वर आलेलं असतं आणि आतली चव शिजवलेल्या मनुकांसारखी होते. स्क्रूकॅपची बाटली दिसली तर बिनधास्त घ्यावी, स्क्रूकॅप म्हणजे हलका माल असं काही नसतं, उलट बुचामुळे येणारा ओल्या पुठ्ठ्याचा वास त्यात जवळपास नसतोच, आणि घरी कॉर्कस्क्रू नसला तरी अडत नाही.

२०२२ च्या जानेवारीत राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांत आणि सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं होतं, त्यावर मोठा विरोध झाला, अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला, आणि ते तिथेच अडकलं. म्हणून खरेदी वाइन शॉप किंवा बिअर शॉपीतूनच, आणि त्यासाठी महाराष्ट्रात वय २१ पूर्ण हवं.

तयारी आणि चाखणं

आपल्या घरांत सगळ्यात जास्त घोळ होतो तो टेम्परेचरचा. रेड वाइन रूम टेम्परेचरला प्यायची हे वाक्य सगळ्यांनी ऐकलेलं असतं, पण ते युरोपातल्या थंड खोल्यांबद्दल आहे, तिथलं रूम टेम्परेचर म्हणजे १६ ते १८ अंश. पुण्यात एप्रिलमध्ये खोली ३२ अंशांवर असते आणि तशी रेड ओतली की नाकात फक्त अल्कोहोल जातं, फळाचा वास कुठच्या कुठे दबून जातो आणि मग सगळे म्हणतात की स्वस्त वाइन कडक असते. रेड सुद्धा अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावी. व्हाइट आणि रोझे दोन-तीन तास, आणि प्यायच्या दहा मिनिटं आधी बाहेर काढावी कारण फ्रिजच्या ४-५ अंशांना वासच येत नाही. एवढं जरी केलं तरी सहाशेची बाटली वेगळीच लागते.

ग्लास सगळे एकसारखे हवेत, शक्यतो तोंडाशी निमुळते, आणि एक तृतीयांशच भरायचे म्हणजे फिरवता येतात. ७५० मिलीमधून नेहमीचे पाच ग्लास होतात, चाखायला मात्र ५० मिली पुष्कळ झाली, म्हणजे एक बाटली बारा-पंधरा जणांना पुरते आणि चार मित्रांनी वर्गणी काढून तीन बाटल्या आणल्या तर माणशी खर्च हॉटेलातल्या एका बैठकीपेक्षा कमी येतो. आधी व्हाइट मग रेड, आधी हलकी मग भारी (तोंडात जड, दाट लागणारी), आधी कोरडी (गोडवा नसलेली) मग गोड, हा क्रम पाळायचा कारण गोड आधी प्यायली की नंतरची कोरडी वाइन नुसती आंबट लागते. अगरबत्ती, रूम फ्रेशनर, डिओ, हे सगळं त्या दिवशी बंद. फोडणी घातल्यावर लगेच चाखायला बसू नये, हिंगापुढे कुठल्याच वाइनचं काही चालत नाही.

बाटल्यांना वर्तमानपत्र गुंडाळून नंबर घालणं हा यातला सगळ्यात शिकवणारा भाग. लेबल आणि किंमत दिसली की जीभ त्यांचंच ऐकते. १९७६ मध्ये वाइनचे व्यापारी स्टीव्हन स्परियर यांनी पॅरिसमध्ये असंच लेबल झाकून चाखायला दिलं तेव्हा फ्रेंच परीक्षकांनीच फ्रान्सच्या नावाजलेल्या वाइन मागे टाकून कॅलिफोर्नियाच्या वाइनना पहिला नंबर दिला, व्हाइटमध्ये शातो मॉन्टेलेना आणि रेडमध्ये स्टॅग्ज लीप. आणि बोर्दोमध्ये २००१ साली छापलेल्या एका प्रयोगात वाइनचाच अभ्यास करणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांना व्हाइट वाइन लाल रंग घालून दिली तर त्यांनी वर्णन करताना रेड वाइनचे शब्द वापरले. म्हणून घरातल्या कुणाला स्वस्तातली जास्त आवडली तर ती आवड खरीच आहे.

वास घेताना पुस्तकातली गूजबेरी किंवा ब्लॅककरंट शोधत बसू नये, ती आपण कधी खाल्लेलीच नसतात. नाशिकच्या सोव्हिन्यों ब्लाँमध्ये ढोबळी मिरची चिरल्याचा आणि पेरूचा वास येतो, शेनिनमध्ये अननस, कधी मध, शिराझमध्ये मिरी आणि जांभूळ. मिरीचा वास तर अक्षरशः मिरीचाच असतो, काळ्या मिरीत जे रोटंडोन नावाचं द्रव्य आहे तेच शिराझच्या सालीत असतं. रेडमध्ये हिरड्या आणि गाल आवळले जातात तो टॅनिनचा, म्हणजे साल-बियांतल्या तुरट द्रव्याचा तुरटपणा, जास्त उकळलेल्या कोऱ्या चहात येतो तोच.

जेवणाशी जोडी

इथे थेट जेवणाकडे जाण्याआधी एक छोटा प्रयोग करून बघावा, पाच मिनिटांचा आहे. एका बशीत चिमूटभर मीठ, लिंबाची फोड, गुळाचा खडा आणि किंचित लाल तिखट घ्यायचं. आधी वाइनचा घोट, मग जिभेवर मीठ, परत घोट. मग लिंबू, परत घोट. मीठ आणि आंबट यांच्यानंतर तीच वाइन मऊ आणि जास्त फळांची लागते. गुळानंतर तीच पातळ, आंबट, कडवट होते. आणि तिखटानंतर रेड प्यायली की आग वाढते, कारण अल्कोहोलने मिरचीची जळजळ अजून चढते आणि त्यात टॅनिन म्हणजे आधीच हुळहुळलेल्या जिभेवर खरखरीत फडकं. जोडीचे जवळपास सगळे नियम या बशीतून निघतात.

म्हणजेच ठेचा, मिसळ, सावजी, कोल्हापुरी तांबडा रस्सा यांच्याबरोबर भारी रेड घेऊ नये, कितीही लोक मटण म्हणजे रेड म्हणोत. मटण असतं हे खरं पण जिभेवर राज्य मिरचीचं असतं. तिथे थंडगार, किंचित गोडसर शेनिन ब्लाँ किंवा झिनफँडेल रोझे चांगली, गोडवा तिखट खाली आणतो आणि अल्कोहोलही थोडं कमी असतं. हेच मटण सुक्कं केलं, मिरची कमी आणि खोबरं-मिरी-लवंग जास्त, तर मात्र शिराझ छान बसते, चरबी आणि प्रोटीन टॅनिनला धरून ठेवतात आणि तुरटपणा निवतो. पांढऱ्या रश्शाबरोबरही व्हाइटच.

बटाटेवडा, कोथिंबीर वडी, कांदाभजी, बोंबील फ्राय, तळलेलं काहीही असलं की स्पार्कलिंग किंवा सोव्हिन्यों ब्लाँ, बुडबुडे आणि आंबटपणा तोंडातलं तेल धुऊन काढतात आणि पुढचा घास परत पहिल्यासारखा लागतो. सुरमईच्या तुकडीवर लिंबू पिळतो ना, तिथे सोव्हिन्यों लिंबाचंच काम करते. माशाबरोबर रेड का जमत नाही तर जपानी संशोधकांनी २००९ मध्ये दाखवलं की वाइनमध्ये लोह जास्त असेल तर माशातल्या फॅटशी मिळून तो उग्र वशट वास येतो, आणि रेडमध्ये लोह बहुधा जास्त असतं.

भरली वांगी हा माझा सगळ्यात आवडता विषय. शेंगदाण्याचं कूट, तीळ, गूळ, गोडा मसाला, चिंच, सगळं एकत्र, कागदावर कुठलीच वाइन जमू नये असं. पण हलकी, थंड केलेली सांजोव्हेसे ही रेड (फ्रातेलीची मिळते) यासोबत सुंदर लागते कारण तिच्यात आंबटपणा भरपूर आणि तुरटपणा बेताचा. थालीपीठ आणि लोण्याबरोबरही तीच. पिठलं-भाकरीला साधी शेनिन.

काही गोष्टींशी मात्र भांडू नये. सोलकढी आणि वाइन एका ताटात नको, दोन्ही आंबट आणि कोकमापुढे वाइन फिकी पडते. लोणच्याचंही तेच. पुरणपोळी, श्रीखंड, बासुंदी यांच्यासमोर कोरडी वाइन म्हणजे दोन्हींचं नुकसान, वाइन गोडाच्या पदार्थाहून गोड हवी, त्यासाठी लेट हार्व्हेस्ट (उशिरा तोडलेल्या, जास्त गोड द्राक्षांची) शेनिन असते, ती छोट्या बाटलीत मिळते आणि घोटभरच पुरते. गोव्यात पोर्ट वाइन म्हणून मिळणारी गोड रेड कोरड्या रेडसारखी जेवणाबरोबर घेतली की गडबड होते, ती जेवणानंतर थंड करून, सोबत बेबिंका हा गोव्याचा थरांचा गोड केक, अशी घ्यावी. विंदालूत व्हिनेगर असतं त्यामुळे तिथेही आंबट व्हाइट किंवा रोझेच.

उरलेली बाटली

तीन बाटल्या उघडल्या की उरणारच, संपवायच्या मागे लागू नये. उरलेली वाइन छोट्या स्वच्छ बाटलीत गळ्यापर्यंत भरून झाकण घट्ट लावायचं, हवा जितकी कमी तितकी टिकते, आणि रेड असली तरी फ्रिजमध्येच ठेवायची. तीन-चार दिवस नीट राहते, स्पार्कलिंग मात्र दुसऱ्या दिवसापर्यंतच. त्यानंतर नेलपॉलिश रिमूव्हरसारखा किंवा व्हिनेगरचा वास यायला लागला तर ती प्यायची नाही. वास ठीक आहे पण चव उतरली आहे अशी रेड मटण मुरवायला दह्याऐवजी चालते, अर्ध्या किलोला अर्धी वाटी, आणि शिजवताना सुरुवातीची पाच-सात मिनिटं झाकण ठेवायचं नाही म्हणजे अल्कोहोलचा उग्रपणा उडून जातो.