हवाई रायफल

हवाई रायफल : दारूच्या स्फोटाऐवजी दाबलेल्या हवेच्या किंवा वायूच्या जोरावर शिशाचा छरा फेकणारी, नळीच्या आतून सर्पिल खाचा असलेली लांब बंदूक. बोलीत तिला छऱ्याची बंदूक किंवा नुसते एअरगन म्हणतात. कोल्हापूर परिसरात जोतिबाच्या यात्रेतील फुगे फोडण्याच्या दुकानांपासून दुधाळीच्या नेमबाजी केंद्रापर्यंत ती सर्वांच्या पाहण्यातली असल्यामुळे तिच्या बाह्य वर्णनाची येथे गरज नाही. प्रस्तुत नोंदीत काही हजार रुपयांत मिळणाऱ्या रायफलींची अचूकता व खात्रीशीरपणा आणि लहान शिकारीसाठी त्यांची योग्यता यांचा विचार केला आहे. यात्रेतील बंदुकांच्या नळ्या झिजलेल्या असतात आणि माशी (नळीच्या टोकावरचा नेम धरण्याचा खुंट) बहुधा वाकलेली असते, म्हणून त्यांच्यावरून या वर्गाची परीक्षा करू नये.

इतिहास : हवेच्या दाबावर अस्त्र फेकण्याची कल्पना इ. स. पू. तिसऱ्या शतकातील अलेक्झांड्रियाचा यंत्रज्ञ टेसिबिअस याच्यापर्यंत मागे नेली जाते. तथापि त्याचे यंत्र बंदुकीपेक्षा दगड-बाण फेकणाऱ्या युद्धयंत्रांच्या जातीचे होते. आज टिकून असलेल्या हवाई बंदुकांपैकी सर्वांत जुनी स्टॉकहोमच्या शाही शस्त्रसंग्रहालयात असून तिचा काळ साधारणपणे 1580 च्या सुमाराचा धरतात. पुढील दोन शतकांत यूरोपातील सरदार-दरबारांसाठी अशा बंदुका बनत राहिल्या. सैन्यात वापरली गेलेली सर्वांत प्रसिद्ध हवाई रायफल म्हणजे बार्तोलोमेओ जिरार्दोनी याची. ऑस्ट्रियाच्या सैन्याने ती 1780 च्या आसपास स्वीकारली आणि एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापर्यंत ती कमीअधिक प्रमाणात वापरात होती. तिचा दस्ता म्हणजेच हवेचे पात्र असे, बाजूच्या नळकांड्यात 20 ते 22 गोळ्या मावत, आणि पात्र पुरते भरण्यासाठी हातपंप सुमारे 1,500 वेळा मारावा लागे.

अमेरिकेच्या पश्चिम भागाचे संशोधन करणाऱ्या 1804–06 च्या मोहिमेत मेरिवेदर लूइस याच्याजवळ असलेली हवाई बंदूक कोणत्या बनावटीची होती, हा या विषयातील सर्वांत लांबलेला वाद होय. ती फिलाडेल्फियाचा कारागीर आयझाया लूकन्स याने बनवली, असे दीर्घकाळ मानले जात होते. त्याला आधार लूकन्सच्या मृत्यूनंतर झालेल्या मालमत्तेच्या लिलावाच्या यादीचा होता, कारण त्या यादीतील एका हवाई बंदुकीचा संबंध या मोहिमेशी जोडलेला आहे. याउलट टॉमस रॉडनी या न्यायाधीशाने 1803 मध्ये लूइसची बंदूक स्वतः पाहून रोजनिशीत केलेल्या नोंदीत ती एका भरणीत 22 वेळा उडते असे म्हटले आहे. हे वर्णन लूकन्सच्या एकबारी बंदुकांना लागू पडत नाही, जिरार्दोनीच्या रचनेला मात्र चपखल बसते. डोळ्यांनी पाहून लिहिलेली समकालीन नोंद चार दशकांनंतरच्या लिलाव-यादीपेक्षा अधिक विश्वसनीय ठरते, म्हणून अलीकडचे अभ्यासक दुसऱ्या मताकडे झुकलेले दिसतात. अर्थात बनावट कोणतीही असो, या बंदुका महाग व नाजूक होत्या. हवेचे पात्र गळू लागले की ती दुरुस्त करणारा कारागीर सहसा मिळत नसे.

सामान्य माणसाच्या खिशाला परवडणारी हवाई बंदूक स्प्रिंगच्या वापरामुळे शक्य झाली. अमेरिकेत डेझी ही लहान मुलांची बंदूक 1888 मध्ये आली, जर्मनीतील राश्टाट येथे डायाना छापाच्या बंदुका बनवणारी संस्था 1890 मध्ये स्थापन झाली, आणि इंग्लंडमध्ये लिंकन जेफ्रीज याच्या आराखड्यावरून बीएसए (बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स) कारखान्याने 1905 च्या सुमारास रायफली काढण्यास सुरुवात केली. मधोमध बारीक आणि मागे पोकळ असलेल्या आजच्या छऱ्याचा प्रसारही साधारणपणे याच काळात झाला.

रचना व अचूकता : स्वस्त हवाई रायफल बहुधा नळी मोडून भरण्याची असते. नळी खाली वाकवली की मागचा दट्ट्या सरकून स्प्रिंग दाबली जाते, छरा नळीच्या मागच्या तोंडाशी बोटाने बसवला जातो व नळी परत मिटली जाते. चाप ओढताच दट्ट्या पुढे झेपावतो, त्याच्यापुढील हवा क्षणार्धात दाबली जाते आणि छरा सुटतो. येथेच या जातीच्या बंदुकीची मुख्य अडचण आहे. दट्ट्या पुढे धावतो तेव्हा बंदूक मागे सरकते; दाबलेल्या हवेच्या गादीवर तो थबकतो तेव्हा ती पुढे ओढली जाते, आणि हे दोन्ही हिसके छरा नळीत असतानाच सुरू झालेले असतात. दारूच्या रायफलीप्रमाणे ती खांद्याशी घट्ट आवळून किंवा नळी दगडावर टेकवून उडवली, तर छरे विखुरतात. म्हणून पुढचा हात उघड्या तळव्याने दस्त्याखाली सैल ठेवून बंदुकीला प्रत्येक वेळी सारखाच हिसका घेऊ देणे, हीच तिची खरी पकड मानतात. ही पकड अंगवळणी पडेपर्यंत ‘बंदूक वाकडी मारते’ अशी जी तक्रार केली जाते, तिच्यात बंदुकीचा दोष थोडाच असतो.

बंदुकीचा स्वतःचा दोष शोधायचा तर तो बिजागरी व मिटलेली नळी जागी धरणारे कुलूप यांत शोधावा. नळी दर वेळी नेमक्या त्याच जागी परत बसली नाही, तर दुर्बीण कितीही चांगली असली तरी तिचा उपयोग नाही, कारण दुर्बीण मागच्या नळकांड्यावर असते आणि छरा पुढच्या नळीतून जातो. नळी मिटल्यावर तिचे टोक हाताने आडवे हलवून पाहिले असता बिजागरीत खडखड जाणवू नये. सांध्यावर पातळ कागदाचा तुकडा ठेवून बार काढला आणि कागद उडाला, तर वॉशरमधून हवा गळते असे समजावे. जर्मन वाइराउख कारखान्याच्या 1951 पासूनच्या एचडब्ल्यू 35 सारख्या रायफलींचा लौकिक मुख्यतः कुलपाच्या घट्टपणावर व चापाच्या स्वच्छ सुटण्यावर उभा आहे. स्वस्त बंदुकींत चाप लांब व जड असतो, आणि तो ओढण्याच्या भरात नेम ढळतो.

विक्रेते मात्र वेगाचा आकडा पुढे करतात. सेकंदाला 360 मी.पेक्षा अधिक वेगाच्या जाहिराती बहुधा मिश्रधातूच्या हलक्या छऱ्यांवर आधारलेल्या असतात. ध्वनीचा वेग सुमारे 343 मी. प्रतिसेकंद आहे, त्याच्या आसपास छरा अस्थिर होतो आणि नेमाला त्याचा फायदा होत नाही. सुमारे 0.55 ग्रॅ.चा शिशाचा छरा सेकंदाला 240 मी. वेगाने निघाला तर त्याची ऊर्जा सुमारे 16 जूल होते, आणि स्प्रिंगच्या बंदुकीकडून सातत्याने मिळणारी ही मर्यादा पुरेशी समजावी. या वेगाने छरा 10 मी. अंतरावर नळीच्या सरळ रेषेखाली सुमारे 1 सेंमी., तर 30 मी. अंतरावर सुमारे 9 सेंमी. पडतो. ताशी 10 किमी. वेगाचा आडवा वारा त्याच 30 मी.त त्याला दोन-तीन सेंमी. बाजूला नेतो. छऱ्याच्या स्थिरतेत फिरकीचा वाटा अधिक की मागच्या पोकळ घेरावर पडणाऱ्या वाऱ्याच्या ओढीचा अधिक, याविषयी मतभेद आहेत. जवळच्या अंतरावर दोन्ही मिळून काम करतात असे मानणे सुरक्षित होय. छऱ्याच्या डोक्याचा व्यास 4.49 ते 4.52 मिमी. असा बदलतो आणि प्रत्येक नळीला कोणते माप मानवते ते उडवूनच कळते.

तीन बारांचा एकाच भोकात पडलेला गट अचूकतेचा पुरावा ठरत नाही. तेवढा योगायोगानेही पडतो. दहा बार मोजावेत, आणि थंड बंदुकीचा पहिला बार वेगळा नोंदवावा, कारण शिकारीत तोच एक बार असतो. इंग्लंडमध्ये ससे, पारवे व खारी यांच्यासाठी हवाई रायफल कायदेशीरपणे वापरली जाते. परवान्याविना वापरायच्या रायफलींवर तेथे 1969 च्या नियमांनुसार 12 फूट-पौंड (सुमारे 16.3 जूल) ही मर्यादा असून स्कॉटलंडमध्ये 2016 अखेरपासून परवानाही लागतो. तेथील जाणते शिकारी ज्या अंतरापर्यंत सर्व छरे एका इंचाच्या वर्तुळात पडतात तेवढेच आपले अंतर समजतात. सशाचे मर्मस्थान याहून फार मोठे नसते. साध्या स्प्रिंग-रायफलीने व सामान्य हाताने हे अंतर अनेकदा 20–25 मी.च्या पुढे जात नाही. छरा प्राण्याला जखमी करून सोडतो तो बहुधा ऊर्जा कमी पडल्यामुळे नव्हे, तर तो चुकीच्या जागी लागल्यामुळे. म्हणून या कामी जास्त ताकदीच्या पण विखुरणाऱ्या बंदुकीपेक्षा मध्यम ताकदीची, एकाच जागी मारणारी बंदूक श्रेयस्कर ठरते.

टिकाऊपणा : नव्या बंदुकीत कारखान्याचे वंगण अधिक असते व ते दाबाने पेटून धूर निघतो, या काळात वेग बेभरवशाचा असतो आणि काही शे छऱ्यांनंतर तो स्थिरावतो. दट्ट्याच्या पोकळीत शिवणयंत्राचे किंवा इंजिनाचे तेल घालणे हा घातक प्रकार आहे, कारण त्या स्फोटाने स्प्रिंग व वॉशर दोन्ही खराब होतात. दोन्ही दिशांच्या हिसक्यांमुळे दस्त्याचे स्क्रू सैल होतात आणि साध्या दुर्बिणीच्या आतील काचा निखळतात. लांब पल्ल्याच्या रायफलीसाठी जुळवलेली दुर्बीण 15 मी.वर धूसरही दिसते. कोल्हापूरसारख्या पावसाच्या प्रदेशात, विशेषतः गगनबावडा, राधानगरी, आजरा या पट्ट्यात, आषाढ-श्रावणात लाकडी दस्ता फुगतो, स्क्रूंचा ताण बदलतो आणि उन्हाळ्यात बसवलेला नेम सरकतो. नळीवर गंज चढतो तो वेगळाच. तेलाचा हलका हात व कोरडी जागा एवढा उपाय पुरतो, मात्र कापडी पिशवीत गुंडाळून ठेवल्यास ओल आतच राहते. दाबून ठेवलेली स्प्रिंग कालांतराने मंदावते. स्प्रिंगऐवजी कोंडलेला वायू वापरणाऱ्या बंदुकींत हा दोष नसतो, पण वायू गळाल्यास त्या घरी दुरुस्त होत नाहीत.

आधीच हवा भरून ठेवण्याच्या रायफलींना हिसका जवळजवळ नसतो व त्या नवख्याच्या हातातही अचूक असतात. परंतु 200 बार (दाबाचे एकक) इतक्याच्या आसपासचा दाब भरण्यासाठी लागणारा पंप धरता त्या या नोंदीच्या ‘परवडणाऱ्या’ वर्गात मोडत नाहीत. कार्बन डाय-ऑक्साइडच्या कुपीवर चालणाऱ्या बंदुकींचा वेग हवेच्या उष्णतेनुसार बदलतो.

कायदा व कोल्हापूर : भारतात 2016 च्या शस्त्र नियमांनुसार 20 जूलपेक्षा अधिक ऊर्जेच्या किंवा 4.5 मिमी.हून मोठ्या व्यासाच्या हवाई शस्त्रांना परवाना लागतो. अन्यत्र शिकारीसाठी पसंत केला जाणारा 5.5 मिमी. व्यास त्यामुळे येथे परवान्याविना मिळत नाही. परवान्यातून सूट म्हणजे शिकारीची मुभा, हा समज मात्र चुकीचा आहे. ससा, तित्तर, मोर यांना 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण असून त्या कायद्यात शिकारीच्या व्याख्येत जखमी करणे व तसा प्रयत्न करणेही येते. कोल्हापूर संस्थानात चित्त्यांकरवी काळविटांची शिकार होत असे आणि दाजीपूरचे जंगल छत्रपतींचे राखीव शिकारक्षेत्र होते. तेच 1958 मध्ये अभयारण्य झाले. या दरबारी शिकारीत हवाई बंदुकीला स्थान नव्हते. अरुणाचल प्रदेशात हवाई बंदुका स्वेच्छेने जमा करण्याची मोहीम 2021 मध्ये सुरू झाली, ती या बंदुकांनी पक्ष्यांची होणारी हानी लक्षात घेऊन.

जिल्ह्यात हवाई रायफलीचा आजचा कायदेशीर व प्रतिष्ठित वापर नेमबाजीचा आहे. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी 2006 च्या मेलबर्न राष्ट्रकुल स्पर्धेत 10 मी. हवाई रायफलमध्ये सुवर्णपदक मिळवले. 2010 मध्ये त्या 50 मी. प्रकारात जगज्जेत्या झाल्या. राधानगरी तालुक्यातील स्वप्नील कुसाळे यांचे 2024 चे ऑलिंपिक कांस्यपदकही 50 मी. रायफलीचे, म्हणजे दारूच्या काडतुसाचे आहे. हवाई रायफल ऑलिंपिकमध्ये 1984 पासून आहे. तिच्या लक्ष्यावरील दहाचा ठिपका केवळ 0.5 मिमी. व्यासाचा असतो, आणि त्यासाठी लागणारी रायफल लाखाच्या पुढची, पण ताकदीने बाजारातील साध्या स्प्रिंग-रायफलीच्या निम्म्याच्या आसपास असते.