शेहेचाळीस रुपयांची फरशी

रत्नागिरीजवळ माझ्या मामेभावाचा मासळी प्रक्रियेचा छोटा कारखाना आहे. त्यातला पॅकिंग हॉल १८०० चौरस फुटांचा, खाली जुना कोबा. कोब्याला खड्डे पडले होते, त्यांत पाणी साचायचं, म्हणून वर एपॉक्सी, म्हणजे ओतल्यावर कडक होणाऱ्या प्लास्टिकचा अखंड थर, करून घ्यायचं ठरलं. दोन कोटेशनं आली. एक ४६ रुपये चौरस फूट, दुसरं ९२. "दोघांनी एपॉक्सीच लिहिलंय ना?" असं म्हणून भावाने पहिल्याला काम दिलं.

काम जुलैत झालं. त्यात त्याची फारशी चूक नव्हती. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, त्यामुळे हॉल रिकामा मिळतो तो तेव्हाच. पण वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या या किनाऱ्यावर एपॉक्सीसाठी याहून वाईट मुहूर्त शोधूनही सापडणार नाही. गणपतीत आम्ही गेलो तर फरशीभर फोड. एक मी स्क्रूड्रायव्हरने टोचला, तर आतून पिवळसर पाण्याची चिळकांडी उडाली. बोटाला लागलं ते साबणासारखं बुळबुळीत. (हात लगेच धुवावा, ते पाणी चांगलंच अल्कधर्मी असतं.)

हे पाणी वरून मुरलेलं नव्हतं. ते जमिनीतून वर आलं होतं.

काँक्रीट दिसायला दगड, पण आतून ते बारीक नळ्यांचं जाळं असतं. ५० किलोच्या एका गोणीतलं सिमेंट जेमतेम १२ लिटर पाणी रासायनिक क्रियेत बांधून घेतं. माल नीट पसरावा म्हणून गवंडी ओततो २५ ते ३० लिटर. उरलेलं पाणी हळूहळू उडून जातं आणि जाताना वाटा सोडून जातं. कोब्याखाली प्लास्टिकचा जाड कागद घातलेला नसेल, तर त्याच वाटांनी जमिनीतली ओल वर चढते. उघड्या कोब्यावर ती कळत नाही, कारण ती तशीच हवेत निघून जाते. किती? फरशी झाकायला योग्य की नाही हे ठरवताना अमेरिकेत रूढ असलेली एक मर्यादा म्हणजे १००० चौरस फुटांतून २४ तासांत ३ पौंड वाफ. म्हणजे भावाचा हॉल या परीक्षेत काठावर पास झाला असता, तरी त्यातून रोज अडीच लिटर पाणी वर येत राहिलं असतं. त्यावर एपॉक्सी ओतणं म्हणजे उकळत्या पातेल्यावर झाकण घट्ट बसवण्यासारखं. आणि मासळीच्या हॉलमध्ये कोब्यात वर्षानुवर्षं मीठही मुरलेलं असतं. पाण्यात टाकलेली मनुका जशी फुगते, तसं थराखालचं खारट पाणी आणखी पाणी ओढून घेतं आणि थर उचलला जातो. चांगल्या चिकटलेल्या थरालाही हा दाब सुटा करू शकतो.

हे झालं खालचं पाणी. वरचं वेगळं.

दोन ट्यूबांचं अ‍ॅराल्डाइट बहुतेकांनी वापरलेलं असतं. फरशीचं एपॉक्सीही तसंच: एका डब्यात रेझिन, दुसऱ्यात हार्डनर. हार्डनरमध्ये अमाइन नावाची रसायनं असतात. ती रेझिनच्या रेणूंना एकमेकांत गुंफतात आणि द्रवाचं कडक प्लास्टिक होतं. पण दमट हवेत अमाइनचा थोडा हिस्सा रेझिन सोडून भलत्याच सोयरिकीला लागतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि ओलावा यांच्याशी त्याची क्रिया होते आणि पृष्ठभागावर पांढुरकी, मेणचट साय धरते. पहिल्या थरावर ही साय राहिली आणि ती न धुता दुसरा थर मारला, तर दोन थर एकमेकांना धरतच नाहीत. पुढे ट्रॉलीच्या चाकाबरोबर वरचा पोपडा निघून येतो.

म्हणून नियम असा, की फरशीचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंशांनी जास्त हवं. दवबिंदू म्हणजे ज्या तापमानाला हवेतली वाफ पाणी होऊन बसू लागते ते. जुलैत हवा २७ अंश आणि आर्द्रता ९० टक्के असेल तर दवबिंदू येतो २५ अंशांवर. जमिनीलगतचा कोबा असतो २६च्या आसपास. म्हणजे मोकळीक फक्त एका अंशाची. जानेवारीतल्या दुपारी हवा ३० अंश आणि आर्द्रता ४५ टक्के असेल, तर दवबिंदू १७च्या खाली उतरतो. कोकणात पावसाळ्यात लाद्यांना घाम सुटतो असं आपण म्हणतो, ते हेच. ज्या लादीवर पाय घसरतो, तिच्यावर रेझिन काय चिकटणार?

आता ४६ आणि ९२चं कोडं. एपॉक्सी हा शब्द कागदावर एकच असला तरी ०.३ मिलिमीटरचा रोलरने मारलेला रंगही एपॉक्सी आणि २ मिलिमीटरचा सेल्फ लेव्हलिंग, म्हणजे ओतल्यावर आपोआप सपाट पसरणारा, थरही एपॉक्सी. भावाच्या हॉलला पहिल्यासाठी सुमारे ५० लिटर माल लागतो, दुसऱ्यासाठी ३३० लिटरच्या पुढे. शिवाय ९२मध्ये डायमंड ग्राइंडरने कोबा घासणं आणि ओल अडवणारा प्रायमर धरलेला होता. ४६मध्ये होता एक झाडू. (कोटेशनमध्ये जाडी लिहिलेली नसेल, तर मी ते वाचायचे कष्टही घेत नाही.)

फोड आलेला थर घासून काढायला १८ रुपये फूट लागले आणि वर दुसऱ्याचे ९२. म्हणजे आधीचे ४६ धरून एकूण १५६ रुपये. दोन लाख ऐंशी हजारांत पडलेली ही फरशी पहिल्याच वेळी एक लाख पासष्ट हजारांत झाली असती.

दुसऱ्यांदा काम जानेवारीत झालं, ऐन हंगामात, निम्मा निम्मा हॉल बंद ठेवून. बुडालेल्या दिवसांचा हिशेब भाऊ अजून सांगत नाही. या वेळी मात्र कोबा घासून, वाळवून झाल्यावर आम्ही ठिकठिकाणी दीड फुटाचे प्लास्टिकचे चौकोन चारही बाजूंनी टेपने चिकटवले आणि रात्रभर तसेच ठेवले. यापेक्षा स्वस्त चाचणी नाही. सकाळी बहुतेक चौकोन कोरडे होते. क्रेट धुण्याच्या कोपऱ्यातला आतून थेंबांनी भरला होता आणि खालचा कोबा काळपट झाला होता. तिथे गरम पाणीही सारखं ओततात आणि त्याने फरशीचं एपॉक्सी मऊ पडतं. कंत्राटदाराने तिथे पीयू काँक्रीट (पॉलियुरेथेन प्लास्टिक आणि सिमेंट यांचा थर) सुचवलं. ते ओल आणि गरम पाणी दोन्ही सोसतं, पण महाग. भावाने दर ऐकला, कोपरा मोजला, ९० चौरस फूट भरला. "एवढ्यापुरतं घाल," तो म्हणाला, "आणि जाडी कागदावर लिहून दे."