बाडे यांना न दिसलेले तारे

एखादी दीर्घिका किती लांब आहे हे काढायला दोन आकडे लागतात: तिच्यातल्या एखाद्या ताऱ्याचं मूळ तेज किती, आणि ते आपल्याला दिसतं किती. तेज अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटतं, म्हणजे चौपट मंद दिसणारा तारा दुप्पट लांब. दिसणारं तेज फोटोवरून मोजता येतं. अडचण असते ती मूळ तेजाची. तो अंदाज चुकला की त्यावर उभं केलेलं सगळं माप चुकतं. १९५२ पर्यंत विश्वाचं माप असंच जवळपास निम्म्याने कमी धरलं गेलं होतं. ही चूक पकडली वॉल्टर बाडे यांनी, आणि तीही काही तारे फोटोत दिसले नाहीत म्हणून.

बाडे १८९३ साली जर्मनीत जन्मले. ग्योटिंगेनला डॉक्टरेट केल्यावर १९१९ पासून ते हॅम्बुर्गजवळच्या बेर्गेडॉर्फ वेधशाळेत होते. १९२० मध्ये त्यांनी हिदाल्गो हा विलक्षण लांबट कक्षेचा लघुग्रह शोधला, पण त्यांचा खरा ओढा गोलाकार तारकागुच्छांकडे होता. अशा एकेका गुच्छात लाखभर किंवा त्याहून जास्त म्हातारे तारे गुरुत्वाकर्षणाने बांधलेले असतात. त्यांतले काही 'आर आर लायरी' जातीचे असतात. हे तारे अर्ध्या-पाऊण दिवसात एकदा झपाट्याने उजळतात आणि सावकाश मंदावतात. त्या सगळ्यांचं सरासरी मूळ तेज जवळपास सारखंच असतं, त्यामुळे अंतर मोजायला ते फार कामाचे. बाडे यांना हे तारे गुच्छांबाहेरही, आकाशगंगेच्या पट्ट्यापासून दूर विखुरलेले सापडत होते. १९३१ मध्ये ते कॅलिफोर्नियातल्या माउंट विल्सन वेधशाळेत आले आणि जगातली तेव्हाची सर्वांत मोठी, १०० इंची दुर्बीण त्यांच्या हाती आली.

खगोलशास्त्रज्ञ एडविन हबल यांनी याच दुर्बिणीने १९२३ मध्ये देवयानी दीर्घिकेत सेफीड तारे ओळखून ती आपल्या आकाशगंगेबाहेर आहे हे दाखवलं होतं. सेफीडही ठरावीक काळाने उजळतात आणि मंदावतात. हा आवर्तनकाळ जितका मोठा तितकं मूळ तेज जास्त, म्हणून त्यांच्यावरूनही अंतर काढता येतं. पण सुटे तारे दिसत होते ते तिच्या बाहेरच्या सर्पिल भुजांमध्येच. मधला भाग आणि तिच्या दोन लंबवर्तुळाकार सोबतिणी, एम ३२ आणि एनजीसी २०५, फोटोत नुसते धुकट ठिपके येत. तिथे तारे असणार याबद्दल शंका नव्हती, ते वेगळे का दिसत नाहीत हाच प्रश्न होता.

कारण फोटोच्या काचेत होतं. तेव्हा फोटो फिल्मऐवजी प्रकाशसंवेदी लेप दिलेल्या काचेवर घेत. तेव्हाच्या सर्वांत जलद काचा निळ्या प्रकाशाला संवेदनशील असत, आणि रात्रीचं आकाश पूर्ण काळं नसतं. १०० इंची दुर्बिणीवर दीडेक तासात आकाशाच्याच उजेडाने काच काळवंडायची, त्यापुढे कितीही थांबलं तरी नवा तारा उमटत नसे. लॉस एंजलिसच्या दिव्यांनी त्यात भर घातली होती. १९३९ मध्ये बाडे आणि हबल यांनी नुकत्याच सापडलेल्या दोन खुज्या दीर्घिका तपासल्या, तेव्हा तिथले तारे गोलाकार गुच्छांतल्या ताऱ्यांसारखे निघाले. गुच्छांतले सर्वांत तेजस्वी तारे निळे नसतात, लाल असतात. मग देवयानीच्या गाभ्यातही तसंच असेल तर निळ्या काचेवर ते शोधणंच चुकीचं होतं.

युद्ध सुरू झालं आणि हबल यांच्यासह बरेच सहकारी लष्करी कामाला गेले. बाडे जर्मन नागरिक असल्याने 'शत्रुराष्ट्राचे नागरिक' ठरले. लष्करी काम त्यांना मिळणार नव्हतं, पण रात्री दुर्बिणीवर जायची परवानगी मिळाली. खालच्या शहराचे दिवे युद्धामुळे मंद केलेले होते.

१९४३ च्या शरद ऋतूतली त्यांची तयारी बघितली की निरीक्षण हे किती किचकट काम आहे ते कळतं. लाल प्रकाश टिपणाऱ्या काचा मुळात मंद होत्या, म्हणून त्या वापरण्याआधी अमोनियाच्या द्रावणात बुडवून, वाळवून त्यांची संवेदनशीलता वाढवायची. पुढे लाल फिल्टर लावायचा, कारण वरच्या वातावरणातला ऑक्सिजन ६३० नॅनोमीटरला स्वतः चमकतो आणि तो उजेड काचेवर यायला नको असतो. उरलेल्या अरुंद लाल पट्ट्यात आकाश बरंच काळं मिळतं, पण ताऱ्यांचा प्रकाशही थोडाच उरतो. म्हणून एकेका फोटोला ४ तास.

आणि या ४ तासांत नेमकं बिघडतं ते फोकस. त्या आरशाची काच सुमारे ४ टन वजनाची. रात्री हवा गार झाली की कडा आधी गार होतात, मधला भाग मागे राहतो, आरशाचा आकार किंचित बदलतो आणि प्रतिमा फुगते. ताऱ्याचा ठिपका थोडा जरी फुगला तरी एवढा मंद तारा पार्श्वभूमीत विरघळून जातो. बाडे यांनी दोन उपाय केले. तापमान जवळजवळ स्थिर आणि हवा निवांत असेल अशाच रात्री निवडल्या. दुसरा उपाय जास्त हुशारीचा होता. दुर्बीण ताऱ्यांमागे अचूक फिरत राहावी म्हणून निरीक्षक दृष्टिक्षेत्राच्या कडेचा एक तारा भिंगातून सतत पाहत असतो. कडेचा तारा अशा दुर्बिणीत शेपटी फुटल्यासारखा दिसतो, आणि फोकस हलला की त्या शेपटीचा आकार बदलतो. बाडे मोठ्या विवर्धनाच्या भिंगातून तो आकार पाहून, फोटो न थांबवता, फोकस जागेवर आणत राहिले.

काचा धुतल्यावर एम ३२, एनजीसी २०५ आणि देवयानीचा गाभा, तिन्हींत हजारो लाल तारे सुटे दिसले. १९४४ मध्ये त्यांनी निष्कर्ष छापला: दीर्घिकांमध्ये ताऱ्यांचे दोन समुदाय असतात. भुजांमधले वायू आणि धूळ यांच्या सोबतीने राहणारे, तेजस्वी निळ्या ताऱ्यांचे समुदाय १. गाभ्यात, लंबवर्तुळाकार दीर्घिकांत आणि गोलाकार गुच्छांत सापडणारे, लाल राक्षसी ताऱ्यांचे समुदाय २. यातला दुसरा समुदाय वयाने मोठा आहे, त्यामुळे क्रमांक उलटे वाटतात, पण तेच रूढ झाले. ताऱ्यांचा जन्म आणि दीर्घिकांची जडणघडण यांचा आजचा बराच विचार या विभागणीतून निघाला आहे, आणि माझ्या मते बाडे यांचं हे सर्वांत मोठं काम.

यानंतर ते आपल्याच आकाशगंगेच्या केंद्राकडे वळले. ते धनू राशीच्या दिशेला आहे, पण धुळीमुळे दृश्य प्रकाशात अजिबात दिसत नाही. बाडे यांनी केंद्रापासून सुमारे ४ अंश दक्षिणेला, एनजीसी ६५२२ या गोलाकार गुच्छाभोवतीची, धूळ त्यामानाने विरळ असलेली जागा निवडली. तिथे आर आर लायरी तारे वेचले. ते ज्या तेजाशी सर्वांत जास्त संख्येने सापडतात, ते केंद्राजवळच्या गर्दीचं तेज. त्यावरून केंद्राचं अंतर निघतं. आज ते सुमारे २६-२७ हजार प्रकाशवर्षं मानतात, आणि त्या जागेला 'बाडेची खिडकी' म्हणतात. माउंट विल्सनवरून हा भाग क्षितिजावर जेमतेम २६ अंश चढतो. पुण्याहून तो सुमारे ४१ अंशांवर येतो, म्हणजे हवेचा थर बराच कमी आडवा येतो. पावसाळ्याआधी मे महिन्यात पहाटे ३ च्या सुमारास दक्षिणेला धनूतला गॅमा तारा शोधा. त्याच्या वायव्येला सुमारे अर्ध्या अंशावर, अंधाऱ्या गावात ८ इंची दुर्बिणीने, हा गुच्छ छोट्या धुकट ठिपक्यासारखा दिसतो.

१९४८ मध्ये पालोमारच्या २०० इंची दुर्बिणीचं उद्घाटन झालं. देवयानी तेव्हाच्या हिशेबाने साडेसात लाख प्रकाशवर्षांवर होती. तेवढ्या अंतरावर आर आर लायरी तारे २२.४ प्रतीचे दिसायला हवे होते. प्रतीचा आकडा जितका मोठा तितका तारा मंद, आणि ५ प्रतींचा फरक म्हणजे तेजात १०० पट. २०० इंचीने अर्ध्या तासाच्या फोटोत २२.४ ची मर्यादा गाठता येत होती. पण बाडे यांना तिथे फक्त समुदाय २ मधले सर्वांत तेजस्वी लाल तारे दिसले, आणि आर आर लायरी त्यांच्याहून सुमारे दीड प्रतीने मंद असतात हे गुच्छांवरून पक्कं ठाऊक होतं.

दीड प्रत म्हणजे चौपट मंद, म्हणजे अंतर दुप्पट. चूक सेफीडांच्या मोजपट्टीत होती. अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ हार्लो शॅप्ली यांनी ती पट्टी ठरवताना गोलाकार गुच्छांतले सेफीडसारखे तारे आणि भुजांतले सेफीड एकच धरले होते. प्रत्यक्षात एकाच आवर्तनकाळाला भुजांतले सेफीड सुमारे दीड प्रतीने जास्त तेजस्वी असतात. देवयानीतले गोलाकार गुच्छ आपल्याकडच्यांपेक्षा चौपट मंद का वाटतात, हे जुनं कोडंही यामुळे सुटलं.

सप्टेंबर १९५२ मध्ये रोमला आंतरराष्ट्रीय खगोल संघाच्या अधिवेशनात त्यांनी हे मांडलं. तिथेच दक्षिण आफ्रिकेतून आलेल्या खगोलशास्त्रज्ञ थॅकरे यांनी मॅगेलनच्या मेघांमध्ये, म्हणजे आपल्या शेजारच्या दोन छोट्या दीर्घिकांमध्ये, आर आर लायरी तारे अपेक्षेपेक्षा दीड प्रतीने मंद सापडल्याचं सांगितलं. दीर्घिका दुप्पट लांब, तर विश्वाला एवढं पसरायला वेळही दुप्पट लागला असणार, म्हणून विश्वाचं तेव्हाचं अंदाजी वय १.८ अब्ज वर्षांवरून ३.६ अब्जांवर गेलं. आधीचा आकडा पृथ्वीच्या खडकांच्या वयाहूनही कमी होता, ती अडचण बरीच हलकी झाली.

बाडे लिहायला फारसे उत्सुक नसत. १९६० मध्ये ते वारले तेव्हा देवयानीतल्या बदलत्या ताऱ्यांच्या काचांवरचं काम अर्धवट होतं. ते हेन्रिएटा स्वोप यांनी पुरं केलं आणि १९६३ मध्ये अंतर सुमारे २२ लाख प्रकाशवर्षं दिलं. आजचा आकडा २५ लाखांच्या आसपास आहे. देवयानीच्या प्रभामंडळातले, म्हणजे तिच्याभोवतीच्या विरळ वलयातले, आर आर लायरी तारे १९८७ मध्ये, हवाईतल्या ३.६ मीटर दुर्बिणीवर, अखेर मोजता आले. त्यांची निळ्या प्रकाशातली प्रत निघाली सुमारे २५.७.