टीएनएफ आणि आमवात

टीएनएफ, म्हणजेच ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर, हे रोगप्रतिकार यंत्रणेतील पेशींचे निरोप पोहोचवणारे प्रथिन आहे. अशा निरोप्या प्रथिनांना सायटोकाइन म्हणतात. शरीरात जंतू शिरला की टीएनएफ त्या जागी दाह पेटवते, रक्तवाहिन्या सैल करून लढाऊ पेशींना वाट करून देते आणि काम संपले की ओसरते. आमवातात, म्हणजे रुमॅटॉइड आर्थरायटिसमध्ये, ते ओसरत नाही. स्वयंप्रतिकार रोगात एकाच सायटोकाइनचा वाटा किती मोठा असू शकतो, हे या आजाराने सर्वांत स्पष्टपणे दाखवले.

प्रथिनाचे नाव मात्र दिशाभूल करते. १९७५ मध्ये न्यूयॉर्कच्या स्लोन-केटरिंग संस्थेत लॉइड ओल्ड यांच्या गटाने उंदरांना आधी बीसीजी आणि मग जिवाणूंचे विष टोचले (बीसीजी ही क्षयाची लस). त्या उंदरांच्या रक्तद्रवात कर्करोगाच्या गाठी मारणारा घटक सापडला, म्हणून हे नाव पडले. पुढे १९८५ मध्ये अँथनी सेरामी आणि ब्रूस बॉयटलर यांना दिसले, की दीर्घ आजारात शरीर खंगवणारे ‘कॅकेक्टिन’ हे प्रथिनही जवळजवळ तेच आहे. आमवाताचा रुग्ण सांध्यांच्या दुखण्याबरोबर थकवा आणि अंग उतरल्याची तक्रारही का करतो, याचा एक धागा इथे सापडतो.

टीएनएफ मुख्यतः महाभक्षी पेशी, म्हणजे जंतू गिळणाऱ्या मॅक्रोफेज पेशी, तयार करतात. ते आधी पेशीच्या पृष्ठभागावर असते, मग एक विकर (एन्झाइम) ते कापून मोकळे करते. तीन रेणू एकत्र जोडून ते दुसऱ्या पेशीवरील ग्राहीला (रिसेप्टरला) चिकटते आणि त्या पेशीत दाहाची जनुके जागी होतात. आमवातात सांध्याच्या आतले तलम अस्तर यामुळे जाड होऊन कूर्चेवर पसरते. त्यातल्या पेशी कूर्चा विरघळवणारी विकरे सोडतात, तर हाडे पोखरणाऱ्या पेशींची संख्या वाढते. टीएनएफच्या इशाऱ्याने इंटरल्यूकिन-६ हे दुसरे सायटोकाइन देखील वाढते. ते यकृतापर्यंत पोहोचले, की रक्तातला सीआरपी, म्हणजे दाह दाखवणारे प्रथिन, चढतो आणि साठवलेले लोह अडकून पडते. सीआरपी जास्त आणि हिमोग्लोबिन कमी अशी जोडी या रुग्णांच्या रिपोर्टमध्ये वारंवार दिसते ती यामुळेच. अशा वेळी नुसत्या लोहाच्या गोळ्यांनी फारसा फरक पडत नाही.

तरीही आजाराची ठिणगी टीएनएफ टाकत नाही. अनुवंशिक कल, धूम्रपान आणि स्वतःच्याच प्रथिनांविरुद्धची प्रतिपिंडे (अँटीबॉडी) ही पार्श्वभूमी सांधे सुजण्याच्या कितीतरी वर्षे आधी तयार होत असते. टीएनएफ त्या आगीला इंधन पुरवते.

दाह झालेल्या सांध्यात डझनभर सायटोकाइन असतात. त्यातले एक अडवले तर बाकीचे त्याचे काम उचलतील, असा १९८० च्या दशकातला सर्वसाधारण समज होता. लंडनच्या केनेडी इन्स्टिट्यूटमधील मार्क फेल्डमन आणि लुधियान्यात जन्मलेले रविंदर मैनी यांनी तो तपासून पाहिला. रुग्णांच्या सांध्यांतून काढलेल्या पेशींवर त्यांनी टीएनएफ रोखणारे प्रतिपिंड सोडले, तेव्हा इंटरल्यूकिन-१ या दुसऱ्या सायटोकाइनचे उत्पादनही थंडावले. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेला हा साधा प्रयोग मला या साऱ्या इतिहासातला सर्वांत निर्णायक वाटतो, कारण निरोप्यांमध्येही उतरंड असते हे त्यातून कळले. १९९२ मध्ये चेरिंग क्रॉस रुग्णालयात २० रुग्णांना इन्फ्लिक्सिमॅब हे टीएनएफ रोखणारे प्रतिपिंड औषध म्हणून दिले गेले. सूज आणि सकाळचे आखडणे झपाट्याने कमी झाले, पण औषधाचा अंमल उतरताच आजार परतला. टीएनएफ रोखणे हा उपचार आहे, मुळासकट बरे करणे नव्हे, हे तिथेच कळले. अमेरिकेत आमवातासाठी इटानरसेप्ट या दुसऱ्या टीएनएफ-रोधकाला १९९८ मध्ये, तर इन्फ्लिक्सिमॅबला १९९९ मध्ये मान्यता मिळाली. आजही बहुतेकांचा उपचार आठवड्यातून एकदाच घ्यायच्या मेथोट्रेक्सेट या औषधाने सुरू होतो. त्याने भागले नाही, तर ही इंजेक्शने येतात.

आमवातात लागू पडलेले सूत्र दुसऱ्या स्वयंप्रतिकार रोगात चालेलच असे नाही. मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजारात लेनरसेप्ट हे टीएनएफ-रोधक वापरून पाहिले, तर रोगाचे झटके वाढले. सोरायसिसमध्ये इंटरल्यूकिन-१७ रोखल्यावर त्वचा सुंदर निवळते, पण आतड्याच्या क्रोन रोगात तेच औषध उपयोगी पडले नाही. ल्युपसमध्ये सूत्रे बरीचशी टाइप-१ इंटरफेरॉन या वेगळ्या सायटोकाइनच्या हाती असतात.

भारतात मोठा प्रश्न क्षयाचा आहे. क्षयाचे जंतू फुफ्फुसात शिरले, की महाभक्षी पेशी त्यांच्याभोवती कडे करून त्यांना कोंडून ठेवतात. हे कडे टिकून राहते ते टीएनएफच्या जोरावर. ते रोखले की वर्षानुवर्षे निद्रिस्त असलेला क्षय उठतो. २००१ मध्ये इन्फ्लिक्सिमॅबनंतर क्षय झालेल्या ७० रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली. त्यातल्या ४० जणांना तो फुफ्फुसाबाहेर झाला होता. म्हणून आपल्याकडे ही इंजेक्शने सुरू करण्याआधी छातीचा एक्स-रे आणि निद्रिस्त क्षय शोधणारी माँटू (त्वचेची) किंवा इग्रा (रक्ताची) चाचणी करतात. निद्रिस्त क्षय आढळला, तर आधी प्रतिबंधक गोळ्या सुरू होतात आणि टीएनएफ-रोधकासाठी साधारण महिनाभर थांबतात. दुखण्याने बेजार झालेल्या रुग्णाला हा महिना फार लांब वाटतो, पण तो गाळण्यासारखा नाही. उपचार चालू असतानाही खोकला, ताप किंवा मानेत गाठ आली, तर ते डॉक्टरांना लगेच सांगावे लागते.