आठवड्याची पेनी आणि तिमाहीचे तिकीट: मेथडिस्ट ओळखीची पार्श्वभूमी

मेथडिस्ट या ख्रिस्ती चळवळीचे प्रवर्तक जॉन वेस्ली 1791 मध्ये वारले तेव्हाही इंग्लंडच्या अधिकृत चर्चचे, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडचेच, दीक्षित पाळक होते. त्यांच्या माणसांना प्रभुभोजनासाठी (भाकर व द्राक्षरसाच्या विधीसाठी) गावच्या चर्चमध्येच जायला ते सांगत. मग मेथडिस्ट वेगळा कशावरून ओळखायचा? आठवड्याच्या वर्गावरून, म्हणजे एका पुढाऱ्याखाली दर आठवड्याला जमणाऱ्या छोट्या गटावरून.

हा वर्ग निघाला कर्जापोटी. 1742 मध्ये ब्रिस्टलच्या मेथडिस्ट सभागृहाचे देणे फेडण्यासाठी प्रत्येकाने दर आठवड्याला एक पेनी द्यायचे ठरले. साधारण बारा जणांमागे एक पुढारी नेमला. तो पैसे गोळा करायला घरी जाई, तेव्हा कुणी दारूच्या नशेत सापडे, कुणी बायकोशी भांडताना. ज्या देखरेखीची गरज होती ती हीच, हे वेस्लींनी तिथेच हेरले. पुढे दारोदार फिरणे जमेना, म्हणून सगळे एका जागी जमू लागले. दर तिमाहीला चौकशी होई आणि टिकलेल्याला सभासदत्वाचे नवे तिकीट मिळे.

मंडळीत यायची अट एकच होती: देवाच्या येणाऱ्या क्रोधापासून सुटण्याची तळमळ. टिकून राहण्यासाठी मात्र ती आचरणात दिसावी लागे. 1743 च्या नियमांत वाईट टाळणे, चांगले करणे आणि उपासनेची साधने (प्रार्थना, प्रभुभोजन वगैरे) पाळणे हे तीन भाग होते. त्याच वर्षी न्यूकॅसलमध्ये 64 जणांना काढले. त्यांत 17 दारूबाज होते, एक बायकोला मारणारा होता. पण सर्वांत मोठा गट, 29 जणांचा, निव्वळ बेफिकिरीमुळे गेला. पावित्र्य किती गांभीर्याने घेतले जाई, हे त्या 29 वरून कळते.

घोटाळा झाला तो ‘ख्रिस्ती परिपूर्णता’ या शब्दाने. वेस्लींच्या लेखी तिचा अर्थ देवावर आणि शेजाऱ्यावर संपूर्ण अंतःकरणाने प्रीती, एवढाच. अज्ञान, चुका, मोह माणसाला राहणारच. लंडनमधल्या जॉर्ज बेल या अनुयायाने मात्र देवदूतासारख्या निर्दोषपणाचा दावा केला आणि 28 फेब्रुवारी 1763 ला जगाचा अंत होईल असे सांगितले. दिवस उजाडला, मावळला. वेस्लींनी भाकित आधीच नाकारले होते, तरी लंडनच्या मंडळीतले बरेच लोक तुटले. वर्गातला पुढारी दर आठवड्याला आचरण विचारू शके. अंतरंगातल्या अनुभवाच्या दाव्याला तसे माप लावणे त्यालाही कठीण होते.

1871 मध्ये अमेरिकन मेथडिस्ट प्रचारक विल्यम टेलर मुंबईत आले. त्यांनीही मंडळी उभी केली ती घरांत भरणाऱ्या अशाच वर्गांतून.