फुकटची जागा, स्वतःचा पत्ता: ब्लॉग कुठे ठेवावा या प्रश्नामागचा इतिहास

११ जुलै २००६ च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या लोकलगाड्यांमध्ये स्फोट झाले. १३ तारखेला दूरसंचार खात्याने इंटरनेट कंपन्यांना दीड डझनाच्या आसपास पत्ते बंद करायला सांगितले. त्यात काही ब्लॉगस्पॉटवरची, म्हणजे गूगलच्या फुकट ब्लॉग-जागेवरची, पाने होती. नेमके तेवढेच पान अडवण्याची सोय बऱ्याच कंपन्यांकडे नव्हती, म्हणून त्यांनी अख्खे ब्लॉगस्पॉटच बंद करून टाकले, आणि त्याबरोबर टाइपपॅड आणि जिओसिटीज या पाने ठेवण्याच्या सेवाही. ब्लॉगस्पॉटवरचे लेख जिथून लिहायचे ते ब्लॉगर डॉट कॉम मात्र चालू राहिले. म्हणजे लिहिता येत होते, प्रकाशित करता येत होते, फक्त आपले लिखाण आपल्यालाच दिसत नव्हते. स्फोटातल्या जखमींची आणि रुग्णालयांची माहिती गोळा करणारे ‘मुंबई हेल्प’ हे पानही ब्लॉगस्पॉटवरच होते, तेही झाकले गेले. वाट सापडली ती पाकिस्तानातून. त्याच वर्षी डॅनिश वृत्तपत्रातल्या प्रेषितांच्या व्यंगचित्रांच्या वादात तिकडे ब्लॉगस्पॉट बंद झाले होते आणि तिथल्या लोकांनी ‘पीकेब्लॉग्ज’ नावाची चोरवाट बनवून ठेवली होती. मुंबईकरांनी ती वापरली. पुढे काही दिवसांत बंदी सैल झाली.

नवा ब्लॉग काढणारा आजही पहिला प्रश्न पैशांचाच विचारतो: फुकट सुरू करू, की होस्टिंग, म्हणजे सर्व्हरवरची जागा, विकत घेऊ? त्या जुलैमध्ये लोकांना नडले ते फुकट असणे नव्हे. टाइपपॅडला तर लोक दरमहा पैसे मोजत होते, तरी तेही बंद पडले. नडले ते हजारो अनोळखी लोकांबरोबर एकाच नावाखाली राहणे. स्वतःच्या डोमेनवर, म्हणजे स्वतःच्या नावाच्या पत्त्यावर, लिहिणाऱ्यांपैकी ज्यांचा पत्ता त्या यादीत नव्हता त्यांना झळ लागली नाही. जागा आणि नाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि या विषयाचा जवळजवळ सगळा इतिहास त्या दोन्हींची गल्लत होण्याचा आहे.

आपल्याकडे सामान्य माणसाला इंटरनेट मिळाले १५ ऑगस्ट १९९५ ला, विदेश संचार निगमकडून. मुंबई ही कंपनीच्या मुख्यालयाची जागा, त्यामुळे आरंभीच्या मोजक्या शहरांत ती होतीच. ९.६ केबीपीएस वेगाच्या २५० तासांना ५००० रुपये पडत, शिवाय एमटीएनएलचे कॉलचे पैसे वेगळे. नुसते बघायलाच ताशी २० रुपये जात असतील तर वर स्वतःचे पान ठेवायला आणखी पैसे कोण देणार? परदेशी कंपनीला डॉलरमध्ये पैसे देता येतील असे कार्डही फार थोड्या घरांत होते. फुकटची जागा ही तेव्हा निवड नव्हतीच, नाइलाज होता.

तो नाइलाज जिओसिटीजने भागवला. १९९४ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या या सेवेत पाने ‘वस्त्यां’मध्ये विभागलेली असत: संगणकवाल्यांची वेगळी, कलावंतांची वेगळी. बदल्यात पानावर तिची जाहिरात. जानेवारी १९९९ मध्ये याहूने ती साडेतीन अब्ज डॉलरहून अधिक किमतीला घेण्याचे जाहीर केले आणि त्याच वर्षी नव्या अटी आणल्या. त्या वाचून लोकांना वाटले की आता आपला मजकूर कंपनीच्या मालकीचा होणार. आरडाओरडा झाल्यावर याहूने माघार घेतली. फुकट जागेचा करार किती एकतर्फी बदलता येतो हे तेव्हा पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर दिसले. ऑक्टोबर २००९ मध्ये जपान सोडून सगळीकडे जिओसिटीज बंद झाली. स्वयंसेवकांनी जमेल तेवढी पाने उतरवून ठेवली, बाकीची गेली.

मग नाव विकत का घेत नव्हते लोक? डॉट कॉम मिळत होते, पण डॉट इन मिळणे सोपे नव्हते. या डोमेनचा कारभार अनेक वर्षे आपल्या जुहूच्या एनसीएसटीकडे, म्हणजे नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीकडे होता. देशाचे डोमेन म्हणून नियम कडक, कागदपत्रे हवीत, आणि रोख संस्था-कंपन्यांकडे. १९९२ ते २००४ या काळात जेमतेम ७००० नावे नोंदली गेली. २००५ च्या सुरुवातीला निक्सी (नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया) या संस्थेच्या देखरेखीखाली नोंदणी सर्वांसाठी खुली झाली, आणि आता ती संख्या लाखांत मोजतात. एनसीएसटीला कडकपणाबद्दल दोष देणे आज सोपे आहे, पण त्या काळी जगातल्या अनेक देशांची डोमेने अशाच शैक्षणिक संस्था सांभाळत होत्या आणि कुणालाच बाजार भरवायचा नव्हता.

मराठीची आणखी एक अडचण होती, ती आता नव्या लोकांना सांगूनही पटत नाही. नव्वदच्या दशकात मराठी पान म्हणजे शिवाजीसारखा एखादा फॉन्ट. वाचणाऱ्याने तो आधी उतरवून घ्यायचा, नाहीतर रोमन अक्षरांची भेळ दिसणार. सगळ्या लिप्यांसाठीची एकच संकेतप्रणाली, युनिकोड, आल्यावरही विंडोज एक्सपीवर देवनागरी धड दिसण्यासाठी सेटिंगमध्ये जाऊन एक खूण करावी लागे आणि सीडी घालावी लागे. सायबर कॅफेवाला ती सीडी शोधून देईल ही आशा व्यर्थ. २००४-०५ नंतर हे हळूहळू सुटत गेले आणि नेमकी तेव्हाच ब्लॉगरची फुकट जागा तयार होती. ब्लॉगर १९९९ मध्ये पायरा लॅब्ज या छोट्या कंपनीने काढले, फेब्रुवारी २००३ मध्ये गूगलने घेतले. मराठी ब्लॉगांची पहिली मोठी लाट ब्लॉगस्पॉटवर आली ती त्यामुळे. त्या लाटेतले बहुतेक लोक संगणकवाले नव्हते. डोमेन, सर्व्हर, एफटीपी असल्या शब्दांशी गाठ पडली असती तर त्यातले निम्मे लिहायलाच बसले नसते. फुकट जागेचे हे ऋण मान्य करायला हवे.

विकतच्या बाजूला दोन गोष्टी घडल्या. २७ मे २००३ ला वर्डप्रेस हे ब्लॉग चालवण्याचे सॉफ्टवेअर आले: बी-टू नावाच्या थांबलेल्या प्रणालीच्या आधारावर मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल यांनी बनवलेले, कुणीही फुकट उतरवून आपल्या सर्व्हरवर चालवावे असे. पुढच्याच वर्षी मूव्हेबल टाइप या ब्लॉगच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरने परवान्याच्या अटी बदलल्या आणि चिडलेले लोक मोठ्या संख्येने वर्डप्रेसकडे वळले. इथे नेहमी एक घोळ होतो. सॉफ्टवेअर फुकट, पण ते ठेवायला जागा विकत. २००५ मध्ये आलेले वर्डप्रेस डॉट कॉम मात्र जागेसकट फुकट, आणि स्वतःचे डोमेन जोडायचे तर पैसे. ब्लॉगरने २००७ पासून तीच सोय फुकट दिली, तरी ती वापरणारे थोडेच निघाले.

दुसरी गोष्ट मुंबईतली. १९९८ मध्ये भाविन आणि दिव्यांक तुरखिया या किशोरवयीन भावांनी वडिलांकडून २५,००० रुपये घेऊन डायरेक्टी सुरू केली. डोमेन आणि होस्टिंग घाऊक भावात घ्यायचे आणि छोट्या विक्रेत्यांमार्फत विकायचे असा तो धंदा. पुढे बिगरॉक निघाले, थेट गिऱ्हाईकाला रुपयांत विकणारे. २०१४ मध्ये हा व्यवसाय अमेरिकेच्या एंड्युरन्स कंपनीने घेतला. घाऊक-किरकोळ साखळीमुळे ठाण्या-डोंबिवलीतला वेबसाइट बनवून देणारा पोरगाही होस्टिंग विकू लागला. त्याने स्वस्ताई आणली, तशी एक खोडही. डोमेन बऱ्याचदा त्या विक्रेत्याच्याच नावावर आणि ईमेलवर नोंदले जाई. ब्लॉगवाला दरवर्षी पैसे भरी आणि समजे की नाव आपले आहे. मग विक्रेता धंदा बदलून नोकरीला लागला, फोन उचलेनासा झाला की पंचाईत. पागडीच्या खोलीत राहणाऱ्याला जशी पावती आणि मालकी यांतली तफावत एक दिवस कळते, तशीच ही.

फुकटवाल्यांची पडझड दरम्यान चालूच होती. मायक्रोसॉफ्टचे विंडोज लाइव्ह स्पेसेस २०११ मध्ये मिटले आणि लोकांना वर्डप्रेस डॉट कॉमकडे पाठवले गेले. पोस्टरस ही ब्लॉगसेवा ट्विटरने विकत घेतली आणि एप्रिल २०१३ मध्ये बंद केली. फुकट डोमेने वाटणारी फ्रीनॉम खटल्यानंतर २०२४ मध्ये त्या धंद्यातून बाहेर पडली. पैसे घेणारे टाइपपॅडही ३० सप्टेंबर २०२५ ला बंद झाले.

सर्वांत बोलका प्रसंग मात्र ब्लॉगस्पॉट डॉट इनचा. २०१२ च्या सुरुवातीला गूगलने भारतातल्या वाचकांना आपोआप डॉट इनच्या पत्त्यावर न्यायला सुरुवात केली. लोकांनी ब्राउझरमध्ये दिसणारा तोच पत्ता ईमेलमध्ये, दिवाळी अंकांत, दुसऱ्यांच्या लेखांखाली दिला. २०१८ मध्ये गूगलने ती पद्धत थांबवली, आणि २०२० मध्ये ब्लॉगस्पॉट डॉट इन हे नाव गूगलच्या हातून निसटून दुसऱ्या कुणाकडे गेले. डॉट इनचे ते सगळे दुवे एका फटक्यात तुटले. ब्लॉग जागेवर होते, मजकूर शाबूत होता, पण छापलेला पत्ता परक्याचा झाला.

म्हणून विकत घेतले की सुरक्षित, असेही नाही. नेट फोर इंडिया ही एकेकाळची मोठी भारतीय नोंदणी कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत अडकली, ग्राहकांना नूतनीकरण करता येईना आणि नाव दुसरीकडे हलवताही येईना. २०२१ मध्ये जगभरच्या डोमेन नावांचा कारभार पाहणाऱ्या आयकॅनने तिची मान्यता काढली आणि नावे पब्लिक डोमेन रजिस्ट्रीकडे, म्हणजे मूळच्या डायरेक्टीच्याच कुटुंबातल्या कंपनीकडे, वळवली. आणि कंपनी ठणठणीत असली तरी ब्लॉगवाल्याचे काय? तो आजारी पडतो, कंटाळतो, मरतो. ब्लॉगस्पॉटवर २००६-०७ चे कितीतरी मराठी ब्लॉग आजही उघडतात, ज्यांचे लेखक कधीचे थांबले आहेत. त्याच काळातले विकतच्या होस्टिंगवरचे ब्लॉग एका चुकलेल्या नूतनीकरणात नाहीसे झाले. निव्वळ मजकुराच्या आयुष्याचा हिशेब केला तर फुकटची बाजू अनेकदा जिंकते, आणि होस्टिंग विकणारे हे सांगणार नाहीत.

वेगाचा मुद्दा आता फारसा उरलेला नाही. पूर्वी स्वस्त होस्टिंगचे सर्व्हर अमेरिकेत असत. २०१६ मध्ये ॲमेझॉनने आणि २०१७ मध्ये गूगलने मुंबईत क्लाउड, म्हणजे भाड्याचे सर्व्हर, सुरू केल्यावर जवळची जागा सहज मिळू लागली. सुरक्षित जोडणीचे प्रमाणपत्रही २०१५ च्या अखेरीपासून लेट्स एन्क्रिप्ट ही सेवा फुकट देते. नुसते लेख आणि फोटो असतील तर ब्लॉगर पुरते. दुकान चालवायचे, सभासदांकडून वर्गणी घ्यायची, स्वतःचे प्लगइन (जोड-सुविधा) टाकायचे, तर होस्टिंग विकत घ्यावे लागते. दोन्ही बाबतींत डोमेन स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवर, वेगळे घ्यावे; ब्लॉगरलाही ते जोडता येते. जागा उद्या बदलली तरी वाचक त्याच पत्त्यावर येतात.

नूतनीकरणाचे मात्र भारतात एक जास्तीचे लचांड आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमांमुळे १ ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरून आपोआप होणारी वसुली ई-मँडेट, म्हणजे वसुलीला आगाऊ दिलेली संमती, नोंदवल्याशिवाय चालत नाही. ओटीपीशिवाय वसुलीची मर्यादा आधी ५००० रुपये होती, जून २०२२ मध्ये ती १५,००० झाली. परदेशी कंपन्यांकडची अनेकांची ‘ऑटो रिन्यू’ त्या काळात मुकाट्याने फसली. डॉट कॉमची मुदत संपल्यावर नोंदणी कंपनी साधारण ४५ दिवसांपर्यंत सवलत देऊ शकते; त्यानंतरच्या ३० दिवसांत नाव परत मिळते, पण नेहमीच्या कितीतरी पट पैसे मोजून. डोमेन एका वेळी १० वर्षांपर्यंत घेता येते, आणि आधीच सगळे पैसे भरले की कार्डाची भानगड तेवढा काळ मिटते. होस्टिंग इतक्या लांब मुदतीचे घेऊ नये. पहिल्या मुदतीचा भाव जाहिरातीतला असतो, पुढचा बारीक अक्षरात असतो, आणि त्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा.